आजारी माणसाची केस कोणी चालवायची? पॉवर, अंगठा आणि कोर्टाची परवानगी

या वेळी आलेल्या पत्रांमधली बरीचशी एकाच गोष्टीची निघाली. जमिनीचा वाद घरातलाच, चुलते, भाऊ, दीर यांच्याशी, केस चालू आहे किंवा होणार आहे, आणि मधेच ज्याच्या नावावर जमीन आहे तेच माणूस अंथरुणाला खिळलंय. मग घरातला कोणीतरी म्हणतो पॉवर घेऊन टाक, म्हणजे त्याच्या वतीने कामं करायचं मुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी). म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या महिन्यात घेते, या वेळी फक्त हेच. पत्रं थोडी छोटी केली आहेत, नावं काढली आहेत.

प्रश्न : नमस्कार मॅडम, आमची बार्शी तालुक्यात आजोबांची साडेनऊ एकर जमीन आहे, सातबाऱ्यावर वडील आणि दोन चुलते अशी तिघांची सामाईक नावं. चुलते म्हणतात तोंडी वाटणी कधीच झाली, आणि रस्त्याकडेची सगळी त्यांनी धरून ठेवलीय. वडिलांनी वाटपाचा दावा टाकला तेव्हा ते ठणठणीत होते, वकीलपत्रावर त्यांचीच सही आहे. गेल्या वर्षी त्यांना लकवा मारला, उजवी बाजू गेली, बोललेलं बाहेरच्यांना कळत नाही, आम्हाला घरच्यांना कळतं. डोकं एकदम शाबूत आहे, मजुरांच्या टोळीला आगाऊ उचल किती दिली ते पण विचारतात. आता पुराव्याची तारीख लागलीय आणि वकील म्हणतात वादीला यावं लागेल. गावात एकाने सांगितलं पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून पॉवर घे, वडिलांच्या जागी तूच साक्ष दे, विषय संपला. असं चालतं का? दोन बहिणी आहेत, त्यांचा विरोध नाही, पण त्यांना अजून काही सांगितलं नाही.

उत्तर : तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ टोळीच्या उचलीची आहे. वडिलांना सगळं समजतंय, फक्त शरीर साथ देत नाही. यावरच पुढचं सगळं ठरतं, कारण कायदा आजारी माणसांकडे एकाच नजरेने बघत नाही. अंग गेलंय पण समज आहे, अशा माणसाला स्वतःचे सगळे अधिकार आहेत, तो पॉवर देऊ शकतो, वकील बदलू शकतो, तडजोड करू शकतो, कोणी त्याच्या वतीने ठरवायची गरज नाही, फक्त त्याचं म्हणणं कोर्टापर्यंत पोचवायची गरज आहे. समज गेली असेल तर मात्र तो पॉवर देऊच शकत नाही आणि मग कोर्टालाच कोणीतरी नेमावं लागतं. त्यामुळे कोणी पॉवर पॉवर म्हणायला लागलं की आधी विचारायचं, माणसाला कळतंय का?

आता साक्षीचं. पॉवर घेऊन तुम्ही कोर्टात हजर राहू शकता, अर्ज देऊ शकता, वकिलांना सूचना देऊ शकता, तारखा सांभाळू शकता, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३ मध्ये ते सगळं बसतं. पण वडिलांच्या जागी साक्ष देता येत नाही. सुप्रीम कोर्टाने २००४ च्या जानकी वाशदेव भोजवानी विरुद्ध इंडसइंड बँक या निकालात हे स्वच्छ सांगितलंय, पॉवरवाला त्याने स्वतः केलेल्या आणि स्वतःला माहीत असलेल्या गोष्टींबद्दल बोलू शकतो, जे फक्त मालकालाच माहीत आहे त्याबद्दल मालकाच्या ऐवजी बोलू शकत नाही. तोंडी वाटणी झाली की नाही हे तुमच्या लहानपणीचं किंवा त्याच्याही आधीचं प्रकरण असणार, ते वडिलांनाच माहीत. तुम्ही पिंजऱ्यात उभे राहिलात की चुलत्यांचे वकील पहिला प्रश्न हाच विचारतील की तेव्हा तुमचं वय काय होतं, आणि तिथेच तुमची साक्ष लंगडी पडेल. शिवाय वादी स्वतः साक्षीला आला नाही तर कोर्ट त्याच्या विरुद्ध अनुमान काढू शकतं.

मग वडिलांना स्ट्रेचरवर घालून न्यायचं का? अजिबात नको. ऑर्डर २६ नियम १ खाली अर्ज द्यायला सांगा वकिलांना, आजारपणामुळे साक्षीदार येऊ शकत नाही म्हणून कोर्ट कमिशनर नेमून मिळावा. कमिशनर घरी येतो, दोन्ही बाजूचे वकील येतात, सरतपासणीचं, म्हणजे वादीच्या स्वतःच्या म्हणण्याचं, प्रतिज्ञापत्र आधीच दिलेलं असतं, उलटतपास खाटेशेजारी बसून घेतला जातो आणि तो रेकॉर्ड कोर्टात जातो. या नियमात एक फार चांगली गोष्ट आहे जी खूप जणांना माहीत नसते, रजिस्टर्ड डॉक्टरचं सही केलेलं सर्टिफिकेट कोर्ट आजाराचा पुरावा म्हणून स्वीकारू शकतं, त्यासाठी डॉक्टरांना साक्षीला बोलवावंच लागतं असं नाही. म्हणजे डॉक्टर कोर्टाच्या फेऱ्यांना घाबरून सर्टिफिकेट द्यायला टाळत असतील तर त्यांना हे सांगा.

राहिलं बोलण्याचं. जो बोलू शकत नाही तो लिहून किंवा खुणेने साक्ष देऊ शकतो आणि ती तोंडी साक्षच धरली जाते, जुन्या पुरावा कायद्यात हे होतं आणि १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. बोलता येत नसेल तर कोर्ट दुभाषा किंवा विशेष शिक्षक यांची मदत घेतं आणि साक्षीचं व्हिडिओ शूटिंग होतं. तुम्हाला त्यांचं बोलणं कळतं हे खरं, पण दुभाषा तुम्ही होऊ नका, समोरचे म्हणतील मुलाने स्वतःच्याच मनाचं सांगितलं. स्पीच थेरपी चालू असेल तर त्या थेरपिस्टचं नाव अर्जात सुचवा. आणि हे लवकर करा, पुढच्या तारखेची वाट बघू नका. लकवा एकदा मारला की दुसरा झटका येण्याची भीती असते हे डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलंच असेल, वडिलांना जे माहीत आहे ते रेकॉर्डवर यायला हवं, ते आज येऊ शकतं.

पॉवर तरीही घ्या, कोर्टाच्या कामासाठी उपयोगाची आहे, पण नीट घ्या. पहिली गोष्ट, ती फक्त या दाव्यापुरती असू दे, नंबर घालून, गट नंबर घालून, कोर्टाचं नाव घालून. गावात जे तयार फॉरमॅट मिळतात त्यात विक्री करणे, गहाण ठेवणे, हक्क सोडणे असं सगळं छापलेलं असतं आणि घाईत त्याच्यावर अंगठा होतो. केस चालवायला विक्रीचा अधिकार कशाला लागतो? तो मजकूर काढून टाका. तडजोड करण्याचा अधिकारही लिहू नका असं माझं स्पष्ट मत आहे, वडिलांना समजतंय ना, मग तडजोड करायची वेळ आली तर ते स्वतः ठरवतील. दुसरं, उजवा हात चालत नाही म्हणून डाव्या हाताचा अंगठा, आणि मजकूर त्यांना मराठीत मोठ्याने वाचून दाखवला असं त्यात लिहिलेलं असावं. साक्षीदार दोन, पण ज्यांचा या जमिनीशी काही संबंध नाही असे. त्याच दिवसाचं डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडा, आणि त्यात नुसतं फिट आहे असं नको, रुग्ण शुद्धीवर आहे, त्याला वेळ, जागा आणि माणसं ओळखू येतात, विचारलेलं समजून तो उत्तर देतो, असं सविस्तर हवं. जमलं तर मोबाईलवर सगळं शूट करून ठेवा, मधे कट न करता.

नोटरीची पॉवर कोर्टात हजेरीपुरती चालून जाते. पण उद्या तिच्या जोरावर एखादा दस्त रजिस्टर करायला जायचं असेल तर ती दुय्यम निबंधकासमोरच प्रमाणित झालेली लागते. त्यासाठीही वडिलांना ऑफिसात न्यायची गरज नाही, नोंदणी कायदा १९०८ मध्ये आजारी माणसासाठी सोय आहे, अर्ज केला आणि व्हिजिटची फी भरली की अधिकारी घरी येतो.

आणि बहिणींना आजच फोन करा. विरोध नाही म्हणता, मग लपवायचं कशाला? नंतर कळलं की बाबांचा अंगठा घेतला, मग विरोध नसलेली माणसं पण विरोधात जातात, आणि मग चुलत्यांशी चाललेली केस बाजूला राहून भावाबहिणीची सुरू होते. शक्य असेल तर अंगठ्याच्या दिवशी दोघींना घरी बोलवा.

प्रश्न : मी पुण्यात असते, माहेर संगमनेर तालुक्यात. वडील वारल्यावर सातबाऱ्यावर आई, भाऊ आणि मी अशी नावं लागली. चुलतभावांनी जमिनीत हिस्सा मागून आमच्यावर केस केलीय, आम्ही तिघंही प्रतिवादी. आई भावाकडे असते. तीन वर्षांपासून तिला डिमेन्शिया आहे, आता ती मला ओळखत नाही, मला तिची बहीण समजते. २०१९ ला ती चांगली असताना तिने भावाला जनरल पॉवर दिली होती. आता भाऊ चुलतभावांशी सेटलमेंट करतोय, रोडटच चार एकर त्यांना जाणार आणि भावाला कॅश मिळणार असं गावातून कळलं. त्याला विचारलं तर म्हणतो पॉवर दिली तेव्हा आई शहाणी होती, पॉवर पक्की आहे, तू मधे पडू नकोस. आईच्या वतीने मला काही करता येईल का? भावाशी संबंध तोडायचे नाहीयेत.

उत्तर : भावाचा समज चुकीचा आहे, आणि हा समज इतका पसरलेला आहे की मला याबद्दल जरा सविस्तरच लिहायचंय. पॉवर करताना आई शहाणी होती म्हणून ती पॉवर तेव्हा बरोबर झाली, एवढंच. कॉन्ट्रॅक्ट कायदा १८७२ चं कलम २०१ सांगतं की पॉवर देणारा वारला किंवा त्याची समज गेली की ती पॉवर संपते. आपल्याकडे, बाहेरच्या काही देशांत असते तशी समज गेल्यानंतरही चालू राहणारी पॉवर हा प्रकार नाही. म्हणजे ज्या काळासाठी माणसं पॉवर करून ठेवतात, म्हातारपणी काही सुचेनासं झालं तर मुलगा बघेल म्हणून, नेमकी त्याच काळात ती उपयोगाची राहत नाही. हे वाईट आहे, कायद्यात बदल व्हायला हवा असं मला मनापासून वाटतं, पण आज तरी असंच आहे.

पण एक अडचण समजून घ्या. आईची समज गेली ती अमुक तारखेला असा काही शिक्का नसतो, आणि पॉवर संपली हे ज्या तिऱ्हाइताला माहीतच नाही त्याच्यापुरती ती संपलेली धरत नाहीत, कलम २०८ तसं सांगतं. उद्या चुलतभाऊ म्हणतील आम्हाला काय माहीत, आम्ही पॉवर बघून व्यवहार केला. म्हणून त्यांना कळवणं हे तुमचं पहिलं काम. वकिलामार्फत नोटीस द्या, भावाला, चुलतभावांना, आणि एक पत्र दुय्यम निबंधक कार्यालयाला, की आईची अशी स्थिती आहे, सोबत न्यूरॉलॉजिस्टचे कागद. कागद भावाकडे असतील तर ज्या हॉस्पिटलमध्ये दाखवलं तिथे मुलगी म्हणून अर्ज करून बघा. नाहीच मिळाले तर आईला एकदा सरकारी हॉस्पिटलमध्ये तपासून घ्या.

दुसरं काम कोर्टात. जी केस चालू आहे त्याच केसमध्ये ऑर्डर ३२ नियम १५ खाली अर्ज द्यायचा. ऑर्डर ३२ मूळ अज्ञान मुलांसाठी आहे, नियम १५ ने ती समज गेलेल्या किंवा मानसिक दुर्बलतेमुळे स्वतःचं हित सांभाळू न शकणाऱ्या माणसांना लागू केलीय. अशा माणसावर दावा असेल तर कोर्ट त्याच्यासाठी त्या दाव्यापुरता पालक नेमतं, आणि अशा माणसानेच दावा लावलेला असेल तर त्याच्या वतीने वादमित्र उभा राहतो, कोर्टात सगळे नेक्स्ट फ्रेंडच म्हणतात. यासाठी आईला आधी कुठे जाऊन वेडी ठरवून आणायची गरज नाही, तेच कोर्ट चौकशी करून ठरवतं. चौकशी म्हणजे डॉक्टरचे कागद बघणं, कधी डॉक्टरला बोलावणं, आणि न्यायाधीश स्वतः माणसाशी दोन शब्द बोलतात, नाव काय, मुलं किती, आज वार कोणता. भरलेल्या कोर्टात आईला उभं करायला लागू नये म्हणून अर्जातच विनंती करा की हे चेंबरमध्ये व्हावं किंवा कमिशनर घरी पाठवावा. तिच्या आजाराचा तमाशा गावासमोर होऊ नये, एवढं तर आपण मागूच शकतो.

पालक कोण होणार? इथे कोर्ट एक गोष्ट कसून बघतं, ज्याचं स्वतःचं हित त्या माणसाच्या हिताच्या विरुद्ध आहे तो पालक होऊ शकत नाही. भाऊ कॅश घेणार आणि आईची जमीन जाणार, तर त्याचं हित उघडच विरुद्ध आहे. पण तुमच्याकडेही कोर्ट बघेल, कारण तुमचाही हिस्सा त्याच जमिनीत आहे. चुलतभावांविरुद्ध तुमची आणि आईची बाजू एकच असेल तर अडचण येऊ नये. तरी भाऊ हरकत घेणारच, म्हणून अर्जात पर्याय देऊन ठेवा, मामा, मावशी, कोणीही ज्याला या जमिनीतून एक गुंठाही मिळणार नाही असं माणूस. असं कोणी नसेल तर कोर्ट आपल्या अधिकाऱ्याला किंवा वकिलाला नेमू शकतं. आणि खरं सांगू का, भावाशी संबंध ठेवायचे असतील तर तिसरं माणूसच बरं. तुम्ही पालक झालात की भावाच्या डोक्यात बहीण जमिनीसाठी आली हेच बसेल.

एकदा पालक नेमला गेला की ऑर्डर ३२ चा नियम ७ तुमच्या आईच्या मागे उभा राहतो. पालकाला सुद्धा कोर्टाची परवानगी घेतल्याशिवाय तडजोड करता येत नाही, आणि परवानगी देताना ही तडजोड त्या माणसाच्या फायद्याची आहे का हे कोर्टाला बघावं लागतं. परवानगीशिवाय झालेली तडजोड आईच्या बाजूने रद्द करून मागता येते. म्हणजे सेटलमेंट व्हायलाच नको असं नाही, कदाचित चुलतभावांचा काही हिस्सा खरंच निघत असेल, पण चार एकरांच्या बदल्यात आईच्या वाट्याला काय येतंय, तिच्या औषधाला, तिला सांभाळणाऱ्या बाईच्या पगाराला काय राहतंय, हे कोणीतरी विचारेल.

तुमच्या स्वतःच्या हिश्श्याबद्दल तर भाऊ काहीच करू शकत नाही, तुम्ही पॉवर दिलेली नाही आणि तुम्ही केसमध्ये पार्टी आहात. जमीन वडिलोपार्जित असेल तर मुलगी जन्मापासून मुलाच्या बरोबरीची सहदायाद, म्हणजे हिस्सेदार, आहे, सुप्रीम कोर्टाच्या ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालानंतर वडील कधी वारले यावरून वाद घालायला जागा राहिलेली नाही. आणि वडिलांची स्वकष्टाची असेल तर आई, भाऊ आणि तुम्ही तिघंही सारख्या हिश्श्याचे वारस. तडजोडीच्या कागदावर तुमची सही नसेल तर ती तुमच्यावर बंधनकारक नाही. फक्त तारखांना तुमचा वकील हजर असायला हवा, गैरहजर राहून एकतर्फी होऊ देऊ नका. कोर्टात टाकायच्या सेटलमेंटऐवजी परस्पर खरेदीखत व्हायची भीती असेल तर त्याच केसमध्ये मनाईचा अर्ज पण टाका.

अजून एक, कोणी तुम्हाला सांगेल की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली तू आईची नामनिर्देशित प्रतिनिधी हो म्हणजे झालं. त्या प्रतिनिधीला उपचाराबद्दल अधिकार असतात, जमिनीबद्दल नाही. १९८७ च्या जुन्या कायद्यात मालमत्तेसाठी जिल्हा कोर्टात जाता यायचं, नव्यात ती तरतूदच ठेवली नाही. त्यामुळे या केसच्या बाहेर, आईचं बँक खातं, पीककर्ज, बाकीची मिळकत यासाठी पालक हवा असेल तर हायकोर्टात रिट करावी लागते. ते खर्चाचं आहे, पण होतं, मुंबई हायकोर्टाने असे पालक नेमलेले आहेत.

प्रश्न : माझ्या मिस्टरांचा अपघात झाला, ते कोमात आहेत, आयसीयूत. आमचं गाव औसा तालुक्यात. दिरांनी आणि सासऱ्यांनी मिळून वाटणीचा फेरफार टाकलाय, मिस्टरांच्या नावाने नोटीस घरी आली. तलाठी म्हणतात ज्याच्या नावाची नोटीस त्यानेच हरकत घ्यायची, नाहीतर त्यांची पॉवर आणा. पॉवर कुठून आणू?

उत्तर : ताई, कुठूनही आणू नका, आणि कोणी सांगितलं म्हणून आयसीयूत त्यांचा अंगठा कागदावर उमटवू नका. तो कागद टिकणार तर नाहीच, उलट तुमच्यावरच फसवणुकीची तक्रार होईल.

महसूल कायद्याच्या कलम १५० च्या नोटिशीला पंधरा दिवसांची मुदत असते, म्हणून आधी हरकत द्या. साध्या कागदावर, तुमच्या स्वतःच्या नावाने, मी अमुकची पत्नी, पती कोमात आहेत, हॉस्पिटलचं सर्टिफिकेट जोडलंय, वाटणीला त्यांची संमती नाही आणि आज ते संमती देऊच शकत नाहीत. हितसंबंध असलेली कोणीही व्यक्ती हरकत देऊ शकते. तलाठ्यांनी, आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं त्यांना, घेतली नाही तर तहसील कार्यालयात आवक-जावकला देऊन दुसऱ्या कॉपीवर शिक्का घ्या, नाहीतर रजिस्टर पोस्टाने पाठवा. हरकत आली की ती विवादग्रस्त नोंदीच्या रजिस्टरला लागते, मग मंडळ अधिकाऱ्याला सुनावणी घ्यावी लागते, सरळ मंजूर करता येत नाही. आपसातली वाटणी तहसीलदारांनी कलम ८५ खाली करायची तर सगळ्या सहधारकांची संमती लागते, हाच तुमचा मुख्य मुद्दा. नोंद तरीही मंजूर झाली तर प्रांतांकडे साठ दिवसांत अपील. आणि घाबरून जाऊ नका, फेरफाराने कोणाची मालकी जात नाही आणि येतही नाही, ती महसुलाची नोंद आहे, हक्काचा निर्णय दिवाणी कोर्टच करतं. फक्त चुकीची नोंद वर्षानुवर्षं तशीच राहिली की ती खरी मानून लोक पुढचे व्यवहार करतात, म्हणून आत्ताच अडवायची.

पुढे मिस्टरांच्या नावाने दावा लावायचा झाला तर वर लिहिलेल्या ऑर्डर ३२ ने तुम्ही त्यांच्या वादमित्र म्हणून लावू शकता. हॉस्पिटलचं बिल, त्यांचं खातं, विमा यासाठी हायकोर्टात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली अर्ज करून पालक नेमून घेता येतो. कोमातल्या माणसासाठी वेगळा कायदा नाही, म्हणून केरळ हायकोर्टाने २०१९ मध्ये अशा प्रकरणांसाठी सविस्तर मार्गदर्शक सूचनाच आखून दिल्या, वैद्यकीय तपासणी, महसूल अधिकाऱ्याकडून चौकशी, पालकाने हिशोब देणं वगैरे, बाकीच्या हायकोर्टांतही त्याचा आधार घेतला जातो.

प्रश्न : मी मस्कतला असतो. चिपळूणजवळच्या आमच्या जमिनीची केस आहे, वडील तिथेच असतात, त्यांना पार्किन्सन्स आहे, समज आहे पण हात थरथरतात, प्रवास जमत नाही. त्यांनी मला पॉवर दिलीय. मला सारखं येता येत नाही म्हणून मी ती माझ्या मेहुण्याला देऊ शकतो का?

उत्तर : वडिलांनी दिलेल्या पॉवरमध्ये पुढे दुसऱ्याला नेमण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलेला असेल तरच. नसेल तर, आणि बहुतेक वेळा नसतोच, वडिलांनीच मेहुण्यांच्या नावाने नवी पॉवर करावी, ते चिपळुणातच आहेत, घरी अधिकारी बोलावून होईल. थरथरत्या सहीवरून नंतर वाद होतात म्हणून सही आणि अंगठा दोन्ही घ्या. तुमच्या स्वतःच्या हिश्श्यासाठी तुम्ही मस्कतहून पॉवर पाठवणार असाल तर ती तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित करा आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत तिच्यावर महाराष्ट्राची स्टॅम्प ड्युटी भरून घ्या. हे तीन महिने बरेच जण विसरतात.

प्रश्न : अविवाहित काकांची केस मी त्यांच्या पॉवरवर सहा-सात वर्षं चालवतोय, सगळा खर्च माझा. काका गेल्या महिन्यात वारले. आता पॉवर माझ्याकडे आहेच तर केस तशीच चालू ठेवू ना?

उत्तर : काकांबद्दल वाईट वाटलं. पण नाही, पॉवर त्यांच्याबरोबरच संपली, आता तिच्यावर एकही सही करू नका, पुढच्या तारखेचा साधा अर्जसुद्धा नाही. वकिलांना मृत्यूचा दाखला द्या आणि वारसांना रेकॉर्डवर घेण्याचा अर्ज मृत्यूच्या तारखेपासून नव्वद दिवसांत गेला पाहिजे, एक महिना तर गेलाच आहे. मुदत चुकली तर दावा त्यांच्यापुरता आपोआप निकाली निघतो, मग तो परत उभा करायला साठ दिवस असतात आणि त्यानंतर उशीर माफीचा अर्ज करत बसावं लागतं.

वारस कोण हा वेगळा प्रश्न. तुम्ही केस चालवली, खर्च केला, यावरून तुम्ही वारस ठरत नाही. काकांना पत्नी-मुलं नव्हती, आजी हयात असेल तर ती पहिली वारस, ती नसेल आणि आजोबा असतील तर ते, तेही नसतील तर काकांचे भाऊ-बहीण, पुतण्याचा नंबर त्यांच्या मागे. काकांनी मृत्युपत्र केलं असेल तर चित्र बदलतं, ते शोधा, घरातली पेटी, बँकेचं लॉकर, आणि रजिस्टर केलेलं असेल तर निबंधक कार्यालयात मृत्यूचा दाखला दाखवून नक्कल मिळते. पण वारस कोण याचं भांडण मिटायची वाट बघत नव्वद दिवस घालवू नका. आज जे वारस दिसतात त्यांची नावं लावून अर्ज टाका, कोणाचा हक्क किती हे तेच कोर्ट नंतर ठरवेल. आणि इतकी वर्षं केलेल्या खर्चाच्या पावत्या जपून ठेवा, वारसांबरोबर बसून तो हिशोब मागण्यात काही गैर नाही.

प्रश्न : सासूबाई बिछान्यावर आहेत, दोन्ही किडन्या खराब, आठवड्याला डायलिसिस. त्यांच्या नावावरची दीड एकर दिराने बक्षीसपत्र करून घेतली, हॉस्पिटलमध्ये ॲडमिट असताना. त्या म्हणतात मला वाटलं ऑपरेशनचा कागद आहे. आम्ही मजुरी करतो, वकिलाला द्यायला पैसे नाहीत. नांदेड जिल्हा.

उत्तर : आधी पैशाचं, कारण त्यामुळेच तुम्ही थांबल्या असाल. विधी सेवा कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला सरकारी खर्चाने वकील मिळतो, तिचं उत्पन्न किती हे बघितलं जात नाही. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला प्राधिकरण असतं, अर्ज सासूबाईंच्या नावाने करा, तुम्ही घेऊन गेलात तरी चालेल. अर्जाला फी नाही, वकिलाची फी, टायपिंग, कोर्ट फी यातलं काही तुम्हाला द्यायचं नाही, कोणी मागितलं तर तिथल्या सचिवांना सांगा. फोनवर विचारायचं असेल तर १५१०० हा नंबर आहे.

आता केसचं. सासूबाईंना समज आहे, त्यामुळे दावा त्यांनी स्वतःच लावायचा, तुम्ही किंवा तुमच्या मिस्टरांनी नाही. ऑपरेशनचा कागद सांगून बक्षीसपत्रावर अंगठा घेतला ही फसवणूक, आणि आजारी, दुसऱ्यावर अवलंबून असलेल्या माणसावर दबाव टाकून कागद करून घेणं याला कॉन्ट्रॅक्ट कायद्याचं कलम १६ लागतं. दस्त रद्द करण्याचा दावा ही गोष्ट कळल्यापासून तीन वर्षांच्या आत लावायचा. दस्ताची नक्कल काढा, तारीख बघा, त्या तारखेचे हॉस्पिटलचे केसपेपर मागा, त्या दिवशी त्यांना कोणती औषधं चालू होती, शुद्ध किती होती हे त्यात असतं, आणि दस्त रजिस्टर कुठे झाला, अधिकारी हॉस्पिटलमध्ये आला होता की सासूबाईंना ऑफिसात नेलं असं दाखवलंय, तेही बघा. ॲडमिट असलेलं माणूस त्याच दिवशी निबंधक ऑफिसात हजर दाखवलं असेल तर तुमची अर्धी केस तिथेच आहे.

दिराने सांभाळायच्या अटीवर जमीन घेतली आणि सांभाळत नाही असं असेल तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली प्रांतांकडेही अर्ज होतो, तो कोर्टापेक्षा लवकर निकाली निघतो. पण त्यासाठी सांभाळण्याची अट दस्तात असणं किंवा ती सिद्ध करता येणं गरजेचं आहे, म्हणून आधी नक्कल हातात घ्या आणि मगच ठरवा. विधी सेवाच्या वकिलांना पहिल्याच भेटीत एक सांगा, सासूबाईंची साक्ष लवकर नोंदवून घ्यायचा अर्ज दाव्याबरोबरच टाका, कमिशनर घरी येऊ दे, आणि दिवस डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशीचा मागा, डायलिसिसच्या दिवशी माणूस थकलेलं असतं, त्या दिवशी उलटतपास नको.